तुझ्या आईचं नाक

८ नोव्हेंबर

चि. बाईसाहेबांस,

आशीर्वाद नंतर बघू. आधी देऊन ठेवले आणि मधेच माझं डोकं फिरलं, तर परत मागता येत नाहीत.

तू दिवसातून तीनदा फोन करतेस ते मला दिसतं. मी उचलत नाही. फोनवर तू वकील होतेस आणि मी आरोपी. पत्रात मला मधे तोडता येत नाही. आईचा फोन लागत नाही म्हणून तुझा जीव खालीवर होत असेल, तर ऐक: तो तेल धुवायच्या पिंपात पडला. ती वाकली, हातातून सुटला, बुडाला. नवा घ्यायचं मनात होतं, पण हल्ली तिला आकडे नीट दिसत नाहीत. मग घेऊन करायचं काय? वय झालं, दुसरं काही नाही.

हो, तेलाचं पिंप. पुन्हा सुरू केलंय. दीड वर्ष झालं. तुझ्या आईला मी बजावलं होतं की फोनवर एक अक्षर बोलायचं नाही, आणि बिचारी बोलली नाही. दोन वर्षांपूर्वी तू माझं पहिलं पिंप मोरीत ओतलंस, बॅग उचललीस आणि गेलीस. खानावळीच्या आचाऱ्याच्या मागे लागून महिनाभर जमवलेलं तळणाचं तेल होतं ते, चार वेळा फडक्यातून गाळलेलं. आई तेव्हा मावशीकडे होती. ती परत आल्यावर विचारायला लागली की पोरगी अशी का गेली. मी सांगितलं, तिला घरातल्या तेलकट वासाची लाज वाटते. तू मला काय काय ऐकवलं होतंस ते तिला सांगत बसलो नाही. उगाच घाबरली असती. तू प्रयोगशाळेत काचेच्या नळ्या हलवतेस म्हणून तुला वाटतं रसायनशास्त्र तुझ्या बापाचं आहे. तुझा बाप मी आहे.

आता जळायला तयार हो. आपली व्हॅन चालते. लोक गटारात ओततात त्या तेलावर चालते. तीस वर्षं बसडेपोत इंजिनं उघडली ती फुकट नाही गेली. तेल तापवायचं, स्पिरिटमध्ये कॉस्टिक सोडा विरघळवून त्यात सोडायचं, पंप लावून घुसळायचं आणि निवांत ठेवायचं. खाली ग्लिसरीन बसतं, डांबरासारखं. वर इंधन. ते पाण्याने तीनदा धुवायचं. खरी मेख धुण्यातच आहे. आत स्पिरिट राहिलं तर इंजिनाच्या रबरी नळ्या खातं. राहिलं की गेलं ते वासावर कळतं, आणि मला त्या मोठ्या तापानंतर गटार आणि गुलाब सारखेच, हे तुला ठाऊक आहे.

म्हणून वास तुझी आई घेते. तिचं नाक काय सांगू तुला. दूध नासायच्या आधी तिला कळतं. झाकण काढते, पिंपावर वाकते, दोन लांब श्वास घेते आणि सांगते, "अजून आहे," किंवा "गेलं." दीड वर्षात एकदाही चुकली नाही. कॉस्टिक कालवायचं कामही आता तीच करते, माझा हात थरथरतो.

शेजाऱ्यांनी नाक मुरडायला सुरुवात केली, म्हणून मागच्या खोलीची खिडकी फळ्या ठोकून बंद केली आहे. आता कुणाची कटकट नाही.

तुझा,
बाप


२७ नोव्हेंबर

चि. बाईसाहेबांस,

तुझं पत्र आलं. पाकिटावर आईचं नाव होतं. फोडलं मी. वाचून दाखवणार मीच, मग तिने पाकीट फोडायचं नाटक कशाला?

काय ते अक्षर, आणि काय त्या लाल शाईच्या रेघा. स्पिरिट म्हणू नका, मिथेनॉल म्हणा. ते श्वासातून जातं, कातडीतून जातं, डोळ्यांच्या नसा मारतं. आईला त्या खोलीत पाऊल टाकू देऊ नका, आजपासून, आत्तापासून. दोन वर्षांपूर्वीचं तुझं वाक्यही पुन्हा आहे, "वास येतो म्हणजे ते आत गेलंच." वा. मग तुझ्या हिशेबाने गुलाबाचा वास घेणारे सगळे गुलाब खातात.

दीड वर्षं ती ठणठणीत आहे. थोडं धुरकट दिसतं, एवढंच. म्हणते, समोर कुणीतरी ओलं पांघरूण वाळत टाकल्यासारखं वाटतं. परवा पायरी चुकली, गुडघा सोलवटला. तुझ्या समाधानासाठी डोळ्यांच्या डॉक्टरकडे नेलं. त्याने बॅटरी मारून मारून पाहिलं. मोतीबिंदू नाही म्हणाला. मागची नस फिकट दिसते म्हणाला. विचारलं, बाई काम काय करतात? तिने तोंड उघडायच्या आत मी सांगितलं, घरकाम. खोटं आहे का? घरातच करते ना.

त्याने चिठ्ठी दिली आहे तुमच्या तिकडच्या मोठ्या इस्पितळाची. लवकर न्या म्हणाला. डॉक्टर लवकरच म्हणतात. सावकाश न्या म्हणणारा डॉक्टर मी अजून पाहिला नाही.

दुसरी बातमी. वीस जानेवारीला तंत्रशाळेच्या मैदानावर प्रदर्शन आहे. टाकाऊतून इंधन या विभागात माझं नाव घेतलंय. व्हॅन सगळ्यांसमोर चालवून दाखवायची, आणि टाकीतलं इंधन स्वच्छ पाहिजे, कारण तिथे परीक्षक नमुना काढून तपासणार. डेपोतले माझे सोबती, जे मला "तेल्या" म्हणून चिडवतात, ते सगळे येणार आहेत. तुझी आई डोळ्यांत तेल घालून पिंपं सांभाळते आहे. अजून पाच खेपा काढायच्या आहेत.

तुझं पत्र तिला वाचून दाखवलं. अक्षर न् अक्षर. मग म्हणाली, "तिचंही खरं आहे." बघ, तुझी बाजू घेते अजून.

बाप


१४ डिसेंबर

चि. बाईसाहेबांस,

पाच जानेवारीची वेळ घेऊन ठेवलीस, तीन तारखेला न्यायला येतेस, महिनाभर रजा काढलीस, स्वतःची खोली आवरून तिच्यासाठी खाट टाकलीस. सगळं वाचलं. कुणाला विचारून?

तू म्हणतेस, आणखी थांबलं तर जे उरलंय तेही जाईल. बरं. समजा, मी नाकारत नाही. पण वीस तारखेनंतर मी स्वतः घेऊन येतो. पंधरा दिवसांनी असं काय आभाळ कोसळतं? मी कधी कुणाकडे काही मागितलं नाही. डेपोत तीस वर्षं दुसऱ्यांच्या गाड्या दुरुस्त केल्या, निवृत्तीच्या दिवशी माझं नावही साहेबाने चुकीचं उच्चारलं. एकदा, आयुष्यात एकदा, माणसं माझ्या गाडीभोवती उभी राहणार आहेत. तेवढं मला हवं आहे. तुला यात स्वार्थ दिसत असेल तर दिसो, तुझे डोळे चांगले आहेत.

आता आई काय म्हणते ते लिहितो, ती शेजारीच बसली आहे:

"बाळ, तू इकडे येऊ नकोस. माझी तब्येत उत्तम आहे. तुझे बाबा माझी फार काळजी घेतात. तू पिंप ओतलंस ते मी विसरलेले नाही. मला तुझ्याकडे राहायला आवडणार नाही. तुझ्या बाबांचं काम महत्त्वाचं आहे."

हे तिचे शब्द. मी फक्त लिहून घेतले.

बाप


६ जानेवारी

चि. बाईसाहेबांस,

सांगूनही आलीस. सुंभ जळाला तरी पीळ जात नाही, आणि पीळ माझाच आहे म्हणून बोलायची सोय नाही.

तीन तारखेला आम्ही घरी नव्हतो. व्हॅन घेऊन लांबच्या रस्त्यावर इंधनाची चाचणी करायला गेलो होतो, आई सोबत होती. दाराला बाहेरून कुलूप होतं ते तू पाहिलंच असशील. तुझी चिठ्ठी दाराखालून आत आलेली सापडली. पोलीस घेऊन येईन असं लिहिलंयस. आण. तुझी आई सज्ञान आहे. त्यांनी विचारलं तर तीच सांगेल, मला मुलीकडे जायचं नाही. खात्री करून घ्यायची असेल तर खुशाल करून घे, आणि चारचौघांत ते तिच्या तोंडून ऐक.

चिठ्ठीत विचारलंयस, आईला किती दिसतं? उजेड आणि सावली दिसते. मी समोर उभा राहिलो की कुणीतरी आहे एवढं कळतं. परवा पेल्याच्या शेजारी पाणी ओतलं, आणि मग स्वतःच हसली. स्वयंपाकघरापासून मागच्या खोलीपर्यंत मी सुती दोरी बांधून दिली आहे. ती धरून ती एकटी जाते, एकटी येते. कुणाच्या आधाराची गरज नाही तिला.

आणि तुला खरं वाटणार नाही, पण नाक आणखी तल्लख झालंय. पूर्वी दोन श्वास लागायचे, आता झाकण सरकवलं की सांगते. आचाऱ्याने कुठल्या दिवशीचं तेल दिलंय तेसुद्धा ओळखते. चार खेपा झाल्या, एक राहिली.

बाप


२२ जानेवारी

बाईसाहेब,

पहिला नंबर.

मैदानात पाच फेऱ्या मारल्या. धूर नाही, खडखड नाही. मागून चक्क तळणाचा वास येत होता म्हणे, पोरंटोरं हसत होती. परीक्षकाने नमुना काढला, बाटली उन्हात धरली, यंत्रात घातला. मला म्हणाला, घरगुती मालात इतकं स्वच्छ धुतलेलं आजवर पाहिलं नाही, कसं तपासता? मी म्हणालो, अनुभव. तेल्या म्हणणारे माझे सोबती रांगेत उभे राहून हात मिळवून गेले. एकाने तर हात सोडलाच नाही, कौतुकाने की मत्सराने कोण जाणे.

तुझ्या आईला मी पुढच्या सीटवर बसवलं होतं. टाळ्या वाजल्या तेव्हा तीही वाजवत होती, फक्त तोंड दुसरीकडे होतं. मी खिडकीतून हात घालून तिची हनुवटी लोकांकडे वळवली. फोटो चांगला आला आहे. पेपरात छापला, कात्रण सोबत जोडतो. तुमच्या प्रयोगशाळेत भिंतीवर लाव.

ती एकदा म्हणाली, आता तरी इस्पितळात जाऊ या का? म्हटलं, जाऊ. चार जणांचे फोन आले आहेत पेपर पाहून, दोन जण पिंपं बघायला येणार आहेत, ते झालं की जाऊ.

बाप


१० फेब्रुवारी

पोरी,

हे पत्र मी तिसऱ्यांदा लिहितो आहे. आधीची दोन फाडली. त्यांत मी स्वतःची बाजू मांडली होती, आणि ती वाचून माझाच मला राग आला.

परवा आईला इस्पितळात नेलं. तुमच्या गावात. व्हॅनने, माझ्याच इंधनावर. तुझ्या रस्त्यावरून गेलो. लाल फाटकाची ती इमारत लांबून ओळखली मी. आईने विचारलं, "हे तिचंच गाव ना? ती कुठे राहते?" मी म्हणालो, लांब आहे, गावाच्या दुसऱ्या टोकाला. ती म्हणाली, बरं.

डॉक्टरीणबाई तरुण होत्या, तुझ्याच वयाच्या. त्यांनी विचारलं, काम काय करता? या खेपेला मी गप्प बसलो. काय म्हणून गप्प बसलो ते मला सांगता येत नाही. आईने सगळं सांगितलं, अगदी कौतुकाने. तेल, स्पिरिट, झाकण, श्वास, बंद खिडकी. माझा पहिला नंबरही सांगितला. बाईंनी पेन खाली ठेवलं. त्यांनी मला बाहेर काढलं नाही, काढायला हवं होतं. त्या आईला म्हणाल्या, या स्पिरिटनेच डोळे गेले, आणि आता परत यायचे नाहीत. आईने शांतपणे विचारलं, आधी आले असते तर? त्या म्हणाल्या, नोव्हेंबरात ते काम थांबलं असतं तर बरंच वाचलं असतं. अगदी महिन्याभरापूर्वी आला असतात तरी समोरचा माणूस ओळखण्याइतकं राहिलं असतं.

आता तुला सांगायचं ते सांगतो.

नोव्हेंबरातलं तुझं पत्र मी अक्षर न् अक्षर वाचून दाखवलं असं लिहिलं होतं. कागद तोंडासमोर धरला होता, एवढं खरं. धरायची गरज नव्हती, तिला दिसत नव्हतं, पण हात रिकामा ठेवून मला खोटं बोलता येईना. मी वाचलं ते असं: "आई, तुझ्या डोळ्यांचं ऐकून वाईट वाटलं. पण मला रजा मिळत नाही, आणि माझ्या एका खोलीत तुझं करणं मला झेपणार नाही. तू बाबांकडेच राहा." तिने चारदा तेच पत्र पुन्हा वाचायला लावलं. शब्द बदलू नयेत म्हणून मी ते पाठ करून ठेवलं. ध चा मा लोक एकदा करतात, मी चारदा केला. डिसेंबरातलं तुझं पत्र तर आलंच नाही, असं सांगितलं. आणि तिच्या नावाने तुला जे लिहिलं, ते ती शेजारी बसलेली असताना मीच रचलं. ती मला विचारत होती, काय लिहिता हो एवढं? मी म्हणालो, हवापाणी.

तीन जानेवारीला आम्ही घरात होतो. कुलूप मी बाहेरून लावलं आणि मागच्या दाराने आत आलो. आईला मागच्या खोलीत बसवलं आणि ढवळायचा पंप सुरू केला. पिंप रिकामं होतं. रिकाम्या पिंपावर पंप फार किंचाळतो, तुला बाहेर ऐकू गेला असता, म्हणून दोन बादल्या पाणी ओतलं. तू किती वेळ होतीस ते मला माहीत आहे. दुपारी बारापासून चारपर्यंत. मधे पंप तापला म्हणून मला थांबवावा लागला, तेव्हा तू "आई" म्हणून हाक मारलीस. एकदाच. ती मान वर करून म्हणाली, कुणीतरी आलंय वाटतं. मी पंप परत लावला.

मला प्रदर्शन हवं होतं, हे खरं. पण प्रदर्शन झाल्यावरही मी नेलं नाही, यावर तू बोट ठेवशीलच. तोवर मला भीती वाटायला लागली होती. ती तुझ्याकडे आली असती, तर पहिल्या दिवशी तुम्ही दोघी बोलला असता, आणि ती परत आली नसती. मला एकटं राहायला येत नाही. चहा कुठल्या डब्यात आहे ते मला आजही माहीत नाही. एवढ्यासाठी मी तिचे डोळे घालवले, असं तू म्हणशील. म्हण.

इस्पितळातून बाहेर पडल्यावर मी तिला गाडीत बसवलं. किल्ली लावली, पण फिरवली नाही. मला वाटलं, आता ती मला विचारणार. उत्तर मी मनात जुळवूनही ठेवलं होतं, खरं उत्तर. तिने चाचपडत माझा दंड धरला आणि म्हणाली:

"तुम्ही मनाला लावून घेऊ नका. तुम्ही डेपोतले, तुम्हाला काय ठाऊक, त्या स्पिरिटात काय असतं. ती तर त्यातलीच ना. तिला सगळं ठाऊक होतं. पत्रात एक ओळ लिहिली असती, तर मी त्या खोलीत पाऊल टाकलं नसतं. तुम्ही निदान घेऊन तरी आलात."

मी "हो" म्हणालो.

त्यानंतर दोन दिवस झाले. तुझी दोन्ही पत्रं, लाल रेघांची, माझ्या हत्यारांच्या पेटीत आहेत. जाळली नाहीत. जाळावीशी वाटली, पण काडी ओढली नाही. तिच्यासमोर जाऊन बसतो आणि ती म्हणते, दमलात का? पाय दाबू का? मग उठून येतो. मी तिला सांगणार नाही. सांगितलं तर ती दंड सोडेल, आणि आता तिला धरायला मीच आहे, हे मी कसं आणलं ते तुला ठाऊक झालंच आहे. तू येऊन सांग. ये. कुलूप लावणार नाही. फक्त येण्याआधी एवढं ठरव, की ज्याच्या हाताने ती जेवते, त्याने तिचं काय केलं हे तिला कळून तिला काय मिळणार आहे. मी ठरवू शकलो नाही. माझ्या वाटणीचं तुझ्या गळ्यात घालतो आहे, हेही मला कळतं.

आज सकाळी तिने मला तुझ्यासाठी पत्र लिहून घ्यायला सांगितलं. म्हणाली, मोठं नको, एकच वाक्य लिहा. मी वही घेतली. या खेपेला शब्दाला शब्द लिहितो आहे, एक मात्रासुद्धा इकडची तिकडे केलेली नाही:

"यापुढे मला पत्र पाठवू नकोस, वाचून दाखवताना ह्यांना फार त्रास होतो."